परक्याच्या नावावरची जमीन

आईने आबांशी आजवर एकही वाक्य थेट बोललेलं नाही. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, आईचे भाया. भायासमोर धाकट्या सुनेने डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बोलणं त्यामुळे थांबत नाही, ते मधल्या माणसाकडून जातं. आधी तो मधला माणूस माझे वडील होते. ते गेल्यावर मी झाले. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणते, "आबांना म्हनावं, चा ठिवू का." आबा चार हातांवर खुर्चीत बसलेले असतात, त्यांना सगळं ऐकू गेलेलं असतं. तरी ते माझ्याकडे पाहतात. मी म्हणते, "आबा, चहा ठेवू का?" मग ते म्हणतात, "ठिव म्हनावं." तेही आईने ऐकलेलं असतं. तरी मी आत जाऊन सांगते.

सुप्याला मी ज्या कंपनीत नोकरी करते तिथे एकदा डबा खाताना हे सांगितलं, तर सगळ्या जणी हसल्या. एकीने मला आबांचा आवाज काढून दाखवायला सांगितला. त्यानंतर मी घरचं तिथे काही बोलत नाही.

या कामात मी एक सवय लावून घेतली होती. वाक्य नेताना त्याच्या कडा घासून न्यायच्या. आबा म्हणाले, "भाजीत मीठ टाकलंय का मिठात भाजी?" तर मी आत जाऊन "मीठ किंचित जास्त झालंय" म्हणायची. आई म्हणाली, "त्यांचे हात मोडल्यात का पानी घ्यायला," तर बाहेर "आणते" एवढंच. मूळ वाक्य दोघांनीही ऐकलेलं असायचं, पण ते बोललं गेलं असं कुणी धरायचं नाही. मी जे बोलले तेच बोलणं. अशा रीतीने आमचं घर एकत्र राहिलं होतं आणि लोक त्याला चांगलं घर म्हणत.

शेत काष्टीच्या अलीकडे, कालव्याला लागून. मी सातवीत असताना ठिबकचं अनुदान आलं. कमी जमीन असलेल्याला अनुदान जास्त, म्हणून आबांनी आणि वडिलांनी घरातल्या घरात जमिनीची नावं वाटून टाकली. लिंबाची बाग आबांच्या बायकोच्या, म्हणजे काकूच्या नावावर, उसाचं रान आबांच्या, माळावरचा मुरूम वडिलांच्या, आणि कालव्याखालची चार एकर, सगळ्यात चांगली काळी जमीन, आईच्या नावावर. ती आईला का दिली हे मी नंतर विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "दिली कुठं? नावाला टाकली." तलाठ्याकडे सगळे हसत गेले आणि हसत आले. आमच्या भागात याला कुणी लबाडी म्हणत नाही. कुणाचा ट्रॅक्टर साडूच्या नावावर असतो, कुणाची विहीर मेव्हण्याच्या. नाव कुठेही असू दे, कसतो कोण ते गाव बघतं.

वडील गेल्यावर चारही एकर आबाच कसत राहिले. आईला वर्षाचे गहू आणि ज्वारी मिळायची, माझी फी मिळायची. फी देताना आबा दर वेळी म्हणत, "इंग्लिश मीडियमला घातलीया, कवातरी कामाला यील." ते मला हाकही तशीच मारत. "ए इंग्लिश मीडियम, ह्या औषधावर काय लिव्हलंय बघ."

आता आबांच्या मुलाबद्दल. मी त्याला दादा म्हणते. दादाचं लग्न जमत नव्हतं. तो निर्व्यसनी आहे, लिंबाचा धंदा बरा करतो, पण शेतकऱ्याला मुलगी द्यायची नाही असं शेतकऱ्यांनीच ठरवलंय. आमच्या ओट्यावर बसून एका मुलीच्या बापाने पोहे खाता खाता विचारलं होतं, "शेती करतो ते ठीक, पण नक्की करतो काय?" तो स्वतः कांद्याचा शेतकरी होता. दादा उठून गोठ्यात गेला. आबांनी पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन आईच्या दिशेने म्हणाले, "पोहे कच्चं हुतं म्हनावं." ते मी आत नेलं नाही.

परदेशातल्या जमिनी विकणारा एक एजंट आमच्याकडे आला, त्यामागे हे होतं. नगरच्या एका हॉटेलात 'परदेशात शेती' म्हणून जेवणासकट सभा होती. आबा आणि दादा जाऊन आले. येताना दोघांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या होत्या. कुठल्याशा डोंगराळ देशात जमीन स्वस्त, पाणी फुकट, द्राक्षं आपोआप लागतात, असं पडद्यावर दाखवलं होतं. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण यात त्या देशाचा काही दोष नाही. दादाने मोबाईलवरचे फोटो मला दाखवले. हिरवे उतार, वर बर्फ. तो म्हणाला, "पोरीच्या बापाला सांगायचं, फॉरेनला शेती हाय. मंग विचारू दे म्हनावं, करतो काय." इतकं मोकळं बोलताना मी त्याला वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं. मला त्याची दया आली असती. पण पुढचंच वाक्य होतं, "कालव्याचं इकून टाकू. तसंबी ते पडूनच हाय तुमच्या नावावर."

पडून नव्हतं. त्यात ऊस उभा होता.

पुण्याचं एक गिऱ्हाईक तयार होतं. आईच्या नावावरची चार एकर विकायची, त्या पैशात तिकडची जमीन घ्यायची, दादा तिकडे जाणार, आबा इकडचं बघणार. आईचं काय, माझं काय, असं कुणी विचारलं नाही. आम्ही त्या हिशेबात नव्हतोच. आईने फक्त सहीला यायचं होतं.

एजंट रविवारी आला, कारण रविवारी मी घरी असते आणि त्याची कागदपत्रं इंग्रजीत होती. पांढरे बूट, हातात दोन मोबाईल. ओट्याच्या पायरीवर त्याने बूट काढले आणि पुसून, जोडीने, भिंतीला लावून ठेवले. आबा खुर्चीत, दादा कट्ट्यावर, काकू खांबाला टेकून. आई स्वयंपाकघराच्या दाराआड. तिच्या साडीचा काठ तेवढा मला दिसत होता.

"ए इंग्लिश मीडियम, हिकडं ये. वाच हे, आन मराठीत सांग. तुझी फी वसूल हुंदे."

"फक्त फॉर्मॅलिटी आहे मॅडम," एजंट म्हणाला. "मोठे मुद्दे मी काकांना समजावून सांगितलेत."

मी माणसांसमोर मोठ्याने वाचू शकत नाही. शाळेतही जमलं नाही. मी मनात वाचत गेले आणि एकेक वाक्य खाली मान घालून मराठीत सांगत गेले. पहिल्याच पानावर होतं की त्या देशाच्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही.

"काय?" आबा म्हणाले.

"परक्या देशाच्या माणसाला शेतजमीन घेता येत नाही तिकडे. म्हणून जमीन तिकडच्या एका माणसाच्या नावावर घ्यायची आणि त्याच्याशी आपला करार करायचा."

आबा हसायला लागले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. गेल्या वर्षी नगरचे एक डॉक्टर फार्महाऊससाठी जमीन विचारायला आले होते, तेव्हा आबांनी त्यांना याच ओट्यावर चहा पाजून विचारलं होतं, "डाक्टर, सातबारा हाय का तुमच्या नावावर? न्हाई? वडलांच्या? न्हाई? मंग जावा, पेशंट बघा. बिगरशेतकऱ्याला हितं जमीन घेता येत न्हाई, कायदाच हाय." ही गोष्ट त्यांनी काष्टीच्या बाजारात निदान सहा महिने सांगितली.

"म्हंजी तिकडं आपन डाक्टर!" आबा म्हणाले. "शाना देश हाय. आपली जमीन परक्याला द्यायची न्हाई, बराबर हाय त्यांचं."

काकू हसली. एजंटही हसला. दादा हसला नाही, तो माझ्याकडे बघत होता, जणू कायदा मी केला होता.

मी पुढे वाचलं. करार दोन भाषांत होता, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे तिकडची लिपी, वेलबुट्टीसारखी. शेवटी लिहिलं होतं की दोन्हींत फरक निघाला तर तिकडच्या भाषेतला मजकूर ग्राह्य, आणि भांडण झालं तर तिकडच्याच कोर्टात.

"मी जे वाचते आहे ते खरं नाही," मी म्हणाले. "असं यातच लिहिलंय. खरं उजवीकडचं. ते मला येत नाही."

"ती स्टँडर्ड लाइन आहे मॅडम. सगळ्या अ‍ॅग्रिमेंटमध्ये असते."

"तुम्हाला येतं वाचता?"

"आमचा तिकडचा वकील बघतो ना."

"सातबारा कुणाच्या नावावर निघणार?"

एजंट आबांकडे वळला. आपल्याला प्रश्न विचारणाऱ्या बाईकडून पुरुषाकडे वळायची एक सराईत हालचाल असते, ती त्याने केली. "काका, तिकडे सातबारा नसतो, सरकारी रजिस्टर असतं. एकदम पक्कं. आपल्यासारखं नाही, की तलाठी नाही आणि झेरॉक्स बंद. ऑनलाइन."

"त्या पक्क्या रजिस्टरवर नाव कुणाचं?" मी परत विचारलं. माझा आवाज कापत होता आणि त्याचा मला राग येत होता.

"आमच्या पार्टनरचं. पण तो आपला माणूस आहे. मी स्वतः त्याच्या घरी जेवलोय."

"अन् तो उद्या नाही म्हणाला तर?"

"ए!" आबा म्हणाले. "किती फाटं फोडायलीस. ताबा आपला असनार ना? पोरगा ऱ्हानार तिथं, कसनार तिथं. मंग झालं की. नाव काय चाटायचंय? नावाचं म्हनशील तर कालव्याच्या चार एकरावर तुझ्या आईचं बी नाव हाय. म्हनून काय ती मालकीन झाली व्हय?"

काकू पुन्हा हसली. ती लिंबाच्या बागेची मालकीण होती.

एजंट हळूच म्हणाला, "बघा, काकांना कन्सेप्ट बरोबर कळलाय."

मला त्या वेळी जे वाटलं ते शूरपणाचं नव्हतं. मी हातातली पानं उगाच सरळ केली. आबा खोटं बोलत नव्हते. त्यांचा त्यावर विश्वास होता, वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं, आणि ज्या बाईच्या नावावर त्यांनी जमीन टाकली ती तोंडच उघडत नसल्याने त्या विश्वासाला कधी धक्का लागला नव्हता. तिकडचा माणूसही पदर घेऊन दाराआड उभा राहणार, असं ते धरून चालले होते.

दाराआडून आई बोलली. "आबांना इचार, त्यो तिकडला मानूस मेला तर त्याची बायकापोरं काय म्हनतील."

सगळ्यांनी ऐकलं. आबा माझ्याकडे बघत राहिले. मी विचारलं, "आबा, आई विचारते, तो माणूस वारला तर त्याची बायकामुलं काय म्हणतील?"

आबा एजंटकडे पाहू लागले. एजंट दोन्ही मोबाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "अहो, तरुण आहे तो."

माझे वडीलही तरुण होते. ते ओट्यावर कुणी बोललं नाही, पण आबांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली आणि त्यांना त्याचा राग आला. राग आला की ते मुद्दा सोडून माणूस धरतात. "तिला सांग, तिच्या डोक्यापलीकडच्या गोष्टी हायत ह्या. मंगळवारी श्रीगोंद्याला सहीला यायचं हाय, चांगलं लुगडं नेस म्हनावं, फोटो काढत्यात तिथं."

मी आत वळले. आईने मला आत येऊ दिलं नाही. दारातच, काठ तेवढा दिसेल अशी उभी राहून ती म्हणाली, "आबांना म्हनावं, कालव्याची जमीन माझ्या नावावर हाय. ती माझीच हाय. मी इकनार न्हाई, सही बी करनार न्हाई. आन त्यांना म्हनावं, परक्या मानसाला पुन्यांदा माझ्या दारात बसवू नका."

शब्द सगळ्यांच्या कानावर पडले होते. पण अजून बोलले गेले नव्हते. मी बोलेपर्यंत ते हवेतच होते. आबांनी मान फिरवली नाही, दादाने फिरवली. माझ्याकडे घासलेली वाक्यं तयार होती, ती नेहमीच असतात. आई म्हणते थोडं थांबूया. आई म्हणते उसाचं पीक निघाल्यावर बघू. आबाही त्यातलंच एखादं घेऊन त्या दिवशी सुटले असते, आणि पुढच्या रविवारी परत बसले असते.

मी वाक्यं जशीच्या तशी म्हटली. आईच्या बोलीत म्हटली, जी मी ओट्यावर कधी बोलत नाही. "कालव्याची जमीन माझ्या नावावर हाय. ती माझीच हाय."

"काय म्हनली?" आबांनी विचारलं. ही त्यांनी मला दिलेली सवड होती. आमच्या घरात अशीच सवड देतात.

मी पुन्हा सगळं सांगितलं, परक्या माणसाच्या वाक्यासकट.

एजंट उठला आणि बूट घालायला लागला. आबांचा चेहरा काळा पडला होता. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "फी भरली ती ह्याच्यासाठी," आणि आत गेले. दादा मात्र माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "माझं लगीन मोडलं तुमी," तो म्हणाला. "तू आन ती. दोगी मायलेकी माझ्या गोवऱ्या रचा आता." त्याचं लग्न ठरलेलंच नव्हतं, हे म्हणायची माझी फार इच्छा होती.

पुढचं सगळं ज्याला जसं करता येईल तसं त्याने केलं. आईने वकील गाठला आणि ऊस निघाल्यावर रानात स्वतःचा वाटेकरी घातला. आबांनी बांधावरच्या वाटेवर काटे टाकले. सामाईक विहिरीच्या मोटारीला कुलूप लागलं, आम्हाला पाण्याच्या पाळीसाठी तहसीलला खेपा घालाव्या लागल्या. अंगणात मधोमध पत्रे उभे राहिले. गावातल्या बायका आईला म्हणाल्या, "नाव टाकलं म्हनून गिळायचं असतंय व्हय?" त्यांतल्या दोघींच्या नावावर त्यांच्या दिरांच्या जमिनी होत्या, हे मला ठाऊक आहे. आईनेही ते त्यांना ऐकवलं. या बाबतीत तिला आता मधला माणूस लागत नाही.

आबांनी लिंबाची बाग विकली. काकूने चांगली साडी नेसून सही केली आणि फोटो काढून घेतला. दादा तिकडे गेला. त्याचा फोटो आला, हिरव्या उतारावर तो आणि शेजारी एक गोरा, जाडा, हसरा माणूस, ज्याच्या नावावर ती जमीन आहे. त्या फोटोवर दादाचं लग्न ठरलं. सुपारी फुटली तेव्हा पत्र्याच्या या बाजूला मी आणि आई शेंगा निवडत होतो. आम्हाला बोलावणं नव्हतं. तो जाडा माणूस दादाचा फोन अजून उचलतो म्हणतात. मी वाट बघत नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

परवा शेततळ्याच्या योजनेचं निघालं. तेच जुनं, कमी जमीन असेल तर फायदा. आई भाकरी थापत म्हणाली, "चारातलं दोन एकर तुझ्या नावावर टाकू. नावाला. कसायचं माझं मी बघीन."

मी म्हणाले, "नावाला असेल तर नको."

"म्हंजी?"

"टाकायची तर खरी टाक. माझी म्हणून. नाहीतर तुझ्याच नावावर राहू दे."

तिचा हात थांबला. "आन उद्या तुझं लगीन झाल्यावर तुझा नवरा दारात उभा ऱ्हायला, म्हंजी? त्यो म्हनला, माझ्या बायकूचं हाय, इका, म्हंजी?"

प्रश्न बरोबर होता. तो तिनेच मागे दाराआडून आबांना विचारला होता, फक्त माणूस वेगळा. माझ्यापाशी घासलेलं वाक्यही नव्हतं, कारण ते ज्याच्याकडे न्यायचं असं पलीकडे कुणी उरलं नव्हतं.

"मग नको टाकू," मी म्हणाले.

"न्हाई टाकत," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली होती. ती तिने उलटली नाही. माझ्याकडे न बघता तिने डोक्यावरून घसरलेला पदर पुढे ओढून घेतला. घरात आम्ही दोघीच होतो.